पाठीवरचा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. खानापूरकडच्या आमच्या गावात ही गोष्ट मला समजायच्या आधीच गावाला समजलेली होती, आणि गावानं तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. कुणाच्या पाठीत उसण भरली की आमच्या दारात हाक आलीच. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण सुटते, असं आमच्याकडं मानतात. दुखणाऱ्या माणसानं पालथं पडायचं, मी त्याच्या पाठीवर तीनदा हलका पाय ठेवायचा, आणि नंतर त्याच माणसाच्या पाया पडायचं, कारण थोरामोठ्यांना पाय लावल्याचं पाप डोक्यावर नको. बदल्यात गुळाचा खडा, मूठभर शेंगा. शाळेतून येताना अर्धा खिसा भरलेला असायचा.

पण पायाळू असण्यात एक तोटाही होता. पायाळू माणसावर वीज पडते, असंही म्हणतात. आमचं गाव कणकुंबीच्या रानाच्या अंगाला, तिथं आभाळ एकदा गरजायला लागलं की थांबायचं नाव घेत नाही. बाकीची पोरं अंगणात नाचायची आणि मला आत कोंडलेलं असायचं. खिडकीचे गज धरून मी इतकी रडले आहे की विज्ञान शिकायचं माझं पहिलं कारण बहुधा तेच असावं. पुढं खरंच शिकले, बी.एस्सी., बी.एड. झाले, निपाणीत सून म्हणून आले आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पाय आता निवृत्त झाला असं धरून चालले होते.

लग्नाच्या बोलण्यांतच माझ्या आईनं कौतुकानं सांगून टाकलं, "पोरगी पायाळू हाय बरं का." सासूबाईंचे डोळे चमकले. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांची उभी जवानी तंबाखूच्या वखारीत पाला निवडण्यात गेली. दिवसभर खाली बसून, वाकून. त्यामुळं पाठ कायमची कुरकुरती. लग्नाची हळद निघाली नव्हती तोवर त्या माजघरात चटईवर पालथ्या पडल्या आणि म्हणाल्या, "ये गं. ठेव पाय."

सासूनं आपण होऊन लाथ मागावी, असं भाग्य निपाणीत माझ्या एकटीचं. नवरा चिडवायचा, "बाकीच्या सुना नुसती इच्छा धरतात, तुला परवाना हाय." मी दर वेळी आत्यांना समजावून सांगायची की ह्यात काही नसतं, स्नायू आखडतात, जरा पडून राहिलं की आपोआप सुटतात. त्या खालून म्हणायच्या, "लई शिकलीस. ठेव पाय." मग मी पाय ठेवायची, पाया पडायची, आणि त्या उठून कामाला लागायच्या.

एरवी मात्र पालथं पडणं आत्यांना खपत नसे. माणसानं पालथं झोपणं घराला बरं नाही, हा त्यांचा कायदा. रविवारी दुपारी नवरा पालथा झोपलेला दिसला की चाळिशीतल्या त्या माणसाच्या पाठीत त्या धपाटा घालून त्याला उलटा करायच्या. सूट फक्त उसणीला.

आणि दुसरं सांगायचं ते आत्यांच्या बोलण्याबद्दल. वखारीत पन्नास बायकांच्या गलक्यात आवाज पोचवायची सवय लागलेली. स्वयंपाकघरातून त्या गल्लीतल्या दूधवाल्याला दुधातल्या पाण्यावरून झाडायला सुरुवात करायच्या, मधेच मला आमटीत मीठ घातलं का विचारायच्या, मांजराला हाकलायच्या आणि परत दूधवाल्यावर यायच्या, हे सगळं एका दमात. नवी आले तेव्हा मला वाटायचं, ह्या घरात सारखं भांडण चालू आहे. भांडण नव्हतं, त्यांचं ते साधं बोलणं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात आम्ही दोघीच होतो. नवरा कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. एरवी रोज ये-जा करायचा. पण मधे कोगनोळीचा नाका. महाराष्ट्रातून कर्नाटकात यायचं तर तपासणीचा रिपोर्ट दाखवा, नाहीतर मागं फिरा. रोज कोण नाकात काडी घालून घेणार? तो तिकडंच एका सोबत्याच्या खोलीवर राहिला. कागल आमच्या घरापासून असं कितीसं लांब? पण त्या दिवसांत ते परदेशात गेल्यासारखं झालं होतं.

सुरुवात झाली ती पाठीपासून. वैशाखाचं ऊन, आत्या गच्चीवर सांडगे घालून खाली आल्या आणि म्हणाल्या, "पाठीत उसण भरलीया गं." त्यात नवल ते काय? दुपारभर वाकून सांडगे घातल्यावर दुसरं काय होणार? चटई अंथरली, त्या पालथ्या पडल्या, मी पाय ठेवला. माझ्या तळव्याला त्यांची पाठ गरम लागली. चांगलीच गरम. मी म्हटलं, "आत्या, ऊन लागलंय तुम्हाला, ताक प्या." आणि पाया पडून भांडी घासायला गेले. हातानं कपाळ बघायचं सोडून पायानं ताप बघितला आणि तो उन्हाच्या खात्यावर टाकला, असं दुसरीकडं कुठल्या घरात होणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं अंग ठणकायला लागलं. खोकला आला. तोही आम्ही मनावर घेतला नाही, कारण वखारीत आयुष्य काढलेल्या बाईचा खोकला म्हणजे घरातलंच माणूस, येतो-जातो, कोण विचारतं? तंबाखूची भुकटी ज्यांनी वर्षानुवर्षं ओढली त्यांच्या गावात खोकल्याला कोण भिणार?

शेवटी कळलं ते माझ्या नाकानं. किराणा आणायला म्हणून मी वखारींच्या रस्त्यानं चालले होते. तिथं तंबाखूचा वास इतका दाट असतो की नव्या माणसाला शिंका आवरत नाहीत. त्या दिवशी मला काहीच आलं नाही. मी थांबले. कुणी नाही बघून मास्क खाली केला आणि कुत्र्यासारखी हुंगत उभी राहिले. काही नाही. निपाणीत राहून तंबाखूचा वास येत नाही म्हटल्यावर किराणा राहिला बाजूला, मी तशीच मागं फिरले. घरी येऊन हिंगाची डबी उघडली, नाक आत घातलं. तीही मेलेली. आम्ही दोघी तपासून आलो आणि दोघींनाही लागण झालेली निघाली.

एकच रोग, एकाच घरातल्या दोन बायका, आणि दोघींच्या अंगात तो वेगळा वागला. मला चार दिवस ताप, घसा, आणि वास गेला तेवढंच. वास परत यायला पुढं कित्येक महिने लागले आणि आला तोही वाकडा आला. कांदा भाजला की जळक्या रबराचा वास यायचा. पण ते सगळं नाकापुरतं. आत्यांचा तापही उतरला. त्या उठून स्वतःचा चहा स्वतः करायला लागल्या, मला म्हणाल्या, "बघ, काय बी न्हाय. उगंच बोंबलत होतीस." मी खुशीत डॉक्टरांना फोन केला. ते आमचे जुने डॉक्टर, त्या दिवसांत सगळा दवाखाना त्यांच्या फोनवरच चालला होता.

"ताप गेला म्हणून ढोल वाजवू नका बाई," ते म्हणाले. "ह्या रोगात दुसरा आठवडा बघायचा असतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी विषाणू नाकात-घशात वाढतो. शरीर त्याच्याशी भांडायला उठतं. बहुतेकांचं भांडण तिथंच मिटतं. काहींच्यात मात्र शरीराचा राग आवरत नाही. घरात चोर शिरला म्हणून काठी घेऊन उठलेल्या माणसानं चोर पळाल्यावरही काठी फिरवत राहावं आणि घरातलीच भांडीकुंडी फोडावीत, तसं होतं. फुफ्फुसातल्या बारीक पिशव्या सुजतात, त्यात पाणी धरतं. हवा आत जाते, पण तिच्यातला ऑक्सिजन रक्तात पोचत नाही. आणि वाईट म्हणजे माणसाला ते कळतही नाही, तो बसून गप्पा मारत असतो. हे ऐकताना मला माझाच स्वभाव आठवत होता. राग आला की मीही घरातलीच भांडी आपटते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना आक्का म्हणतात. गल्लीत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर एकच, ते त्यांचं. ते कुंपणाच्या भिंतीवर एका पिशवीत असायचं. ज्याला लागेल त्यानं न्यायचं, वापरायचं, पुसून परत ठेवायचं. मी रोज सकाळ-संध्याकाळ ते आणायची. आत्या बोट पुढं करायच्या आणि विचारायच्या, "किती मार्क पडले?" रोज पास होत होत्या.

मग एका सकाळी दूधवाला आला. आत्या खाटेवरूनच ओरडल्या, "काय रं, आज बी पाणी..." आणि थांबल्या. श्वास घेतला. "...घातलंस व्हय?"

दूधवाल्याला काहीच कळलं नाही. मला मात्र हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. इतक्या वर्षांत आत्यांच्या वाक्याच्या मधे मी कधी जागा बघितली नव्हती.

"मला काय धाड भरलीया?" मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, पण तेही दोन तुकड्यांत. ओठ जरा काळपट दिसत होते. ऑक्सिमीटर लावलं. आदल्या दिवसापेक्षा बरंच खाली आलेलं, नव्वदच्या जेमतेम वर. मी डॉक्टरांना फोन लावला. आकडा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "एका दमात किती बोलतात?" मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या आत्या एका दमात अख्खी गल्ली झाडतात. आज दोन-तीन शब्द बोलल्या की थांबतायत."

गोळ्या त्यांनी तेव्हा सांगितल्या. सूज उतरवणाऱ्या. आधी का नाही दिल्या, असं मी तणतणले तर म्हणाले, त्या वेळेआधी दिल्या तर शरीराची लढायची ताकदच बसते आणि अपाय होतो, आता वेळ आली आहे. साखर रोज तपासायची, गोळ्यांनी ती वाढते. "नव्वदच्या खाली गेल्या तर जिथं मिळेल तिथं न्यायचं. चिकोडी, बेळगाव, कुठंही. बेड बघायचं काम मी करतो, आता तरी कुठं जागा नाही. तोवर एकच करा, त्यांना पालथं झोपवा."

"पालथं?"

"पालथं. फुफ्फुसाचा मोठा भाग पाठीकडं असतो. उताणं झोपलं की तो दबतो. पालथं झालं की तो मोकळा होतो आणि हवा तिथं पोचते. छातीखाली, कमरेखाली उशा द्या, पोट दाबू देऊ नका. जमेल तेवढा वेळ पालथं, मग एका कुशीवर, मग बसवा, मग दुसऱ्या कुशीवर, परत पालथं. पण जेवल्यावर लगेच नको."

इतकी वर्षं मी फळ्याशेजारी फुफ्फुसाचा तक्ता टांगून शिकवत आले. तक्त्यावर ती कायम समोरून काढलेली. फुफ्फुसाला पाठ असते हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आत्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना गल्लीत नाचायला सांगत होते.

"पालथं? मी?" दम. "तान्हं पोर हाय व्हय..." दम. "...पालथं पडायला?"

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्याला म्हणावं... तू झोप."

मी गोड बोलून बघितलं. देवाची शपथ घातली. नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावून दिला. तो तिकडून हात जोडत होता, "आई, ऐक की गं. थोडा वेळच." त्या म्हणाल्या, "तू गप. आधी... घरला ये." तो तरी कसा येणार? रिपोर्टसाठी नमुना देऊन बसला होता, रिपोर्ट आल्याशिवाय नाका ओलांडता येत नव्हता. मग मी ओरडले. अगदी शाळेत ओरडते तसं, टाचा वर करून. आत्यांनी तोंड भिंतीकडं केलं. त्या उताण्याच पडून राहिल्या आणि गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता.

तेवढ्यात सरकारी चौकशीचा फोन आला. एक मुलगी कानडीतून विचारत होती, "उसिराट हेगिदे?" म्हणजे श्वासोच्छ्वास कसा आहे. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "चलो ऐति," छान आहे. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. काही छान नव्हतं. आत्या मरतील अशी मला भीती वाटत होती. ह्या घरात माझ्यावर ओरडणारं कुणी उरणार नाही, असं सारखं मनात येत होतं. आणि गोळ्या चालू होत्या, आता त्या बाईनं फक्त पाठीवरून पोटावर वळायचं होतं, तेवढंही मला करवून घेता येत नव्हतं, ह्याचा संतापही येत होता.

तोंड धुऊन बाहेर आले. आत्या हळू आवाजात पुटपुटत होत्या, "पाठ... दुखतीया."

दुखणारच. दिवसेंदिवस उताणं पडून. मी पदर खोचला आणि अगदी आमच्या गावच्या सुरात म्हटलं, "दुखणारच की आत्या. उसण भरलीया तुम्हाला."

त्यांनी मान वळवून बघितलं. "व्हय?"

"व्हय तर. पायाळूचा पाय पाहिजे."

आणि मुलाच्या हात जोडण्यानं, डॉक्टरच्या शास्त्रानं, माझ्या आरडाओरड्यानं जी बाई तसूभर हलली नव्हती, ती खाटेची कड धरून आपल्या आपण पालथी झाली.

मी घाईघाईनं उशा सरकवल्या. छातीखाली, कमरेखाली, नडग्यांखाली. "उशा... कशाला?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ही नवीन उसण हाय, तिला उशा लागत्यात." मग मी पाय ठेवला. भार अजिबात टाकला नाही, नुसता तळवा टेकवला. त्याच पायानं मला पहिल्या दिवशी ताप कळला होता. आता त्या पायाखाली त्यांचा श्वास लागत होता, भराभरा आणि वरवरचा. त्या वेळी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा हा रोग जास्त समजला.

तीनदा पाय ठेवून झाला. रिवाजाप्रमाणं आत्या उठायला लागल्या. "झालं?"

"कुठलं झालं? हिला पाय ठेवून बसावं लागतंय."

मी खुर्ची ओढली, खाटेला लावली, एक पाय त्यांच्या कमरेच्या वर हलका टेकवून बसले. आत्यांचं बोट ऑक्सिमीटरमध्ये. आधी काहीच फरक पडेना. मग जरा वर. परत खाली. मग हळूहळू वर चढत गेलं आणि चढलेलं तिथंच राहिलं. श्वास पायाखाली संथ व्हायला लागला. मी मोठ्यानं काही बोलले नाही, नजर लागेल म्हणून. विज्ञानाची शिक्षिका असून.

थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन आला. पडद्यावर त्याला दिसलं ते असं: आई खाटेवर पालथी, बायको खुर्चीत, बायकोचा पाय आईच्या पाठीवर, हातात चहाचा कप.

"हे काय चाललंय?"

"उपचार," मी म्हटलं.

मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. मी फोन आत्यांच्या तोंडाशी धरला. त्या उशीतून म्हणाल्या, "बघ... तुझी बायको." त्यात तक्रार होती की कौतुक, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर आमचं वेळापत्रकच ठरलं. कुशीवर असताना, बसलेल्या असताना पाय लागायचा नाही. पालथं व्हायचं म्हटलं की मात्र पाय पाहिजेच. दूध उतू जायला लागलं म्हणून मी उठले तर लगेच आवाज, "पाय... कुठं गेला?" परत येऊन टेकवायचा. पायानं फुफ्फुस बरं होत नाही, हे मी दहावीच्या पोरांना शपथेवर सांगीन. पण त्या पायावाचून त्या पालथ्या राहिल्या नसत्या, हेही तितकंच खरं. शिवाय त्या खोलीत त्यांना माणसाचा स्पर्श तेवढाच होता. आक्का भिंतीपलीकडून भाकरी-भाजी ठेवून जायच्या, डॉक्टर फोनमधून बोलायचे, मुलगा पडद्यावर. अंगाला लागणारं असं फक्त माझं पाऊल.

त्यांना बोलवत नव्हतं म्हणून मी बोलायची. गल्लीत कुणाचं काय चाललंय ते सगळं, फोनवरून ऐकलेलं, थोडं तिखटमीठ लावून. माझं काही चुकलं की आत्या मोकळ्या हाताचं बोट हलवायच्या. म्हणजे तसं नाही, परत सांग.

मधला एक दिवस फार वाईट गेला. सकाळपासून आकडा नव्वदवर येऊन बसला, हलेचना. डॉक्टरांनी बेळगावात एक बेड धरून ठेवला, गाडीही सांगितली. मी आत्यांची पिशवी भरली. दोन लुगडी, टॉवेल, गोळ्या, त्यांची तपकिरीची डबी. ती त्यांना तिथं कोण ओढू देणार होतं, पण त्या डबीशिवाय त्या कुठं गेलेल्या मला माहीत नाहीत. पिशवी दाराशी ठेवली. आत्यांची नजर तिच्यावर गेली.

"कुठं?"

"कुठंच न्हाय. पालथं व्हा."

त्या दुपारी मी खुर्चीतून उठले नाही. गाडीवाल्यानं दोनदा फोन करून विचारलं, येऊ का? मी म्हणत होते, थांबा, जरा थांबा. पायाला मुंग्या आल्या, पाय बदलला, परत आल्या. आकडा खाली गेला नाही. उन्हं कलताना एकानं वर सरकला, मग अजून एकानं. डॉक्टर म्हणाले, तो बेड दुसऱ्या कुणाला तरी देऊ या, ज्याला जास्त गरज आहे. मी म्हटलं, द्या. पिशवी मात्र मी दाराशीच ठेवली. उचलायचा धीर होत नव्हता.

पुढचे दिवस चढण चढल्यासारखे गेले. दोन पावलं वर, एक खाली. गोळ्या काम करत होत्या, सूज उतरत असणार, पण ती दिसते कुठं? ऑक्सिमीटर बरं बोलायला लागलं तरी माझा त्याच्यावर पुरता विश्वास बसेना. मी आत्यांच्या वाक्यांकडं कान लावून होते. आधी दोन शब्द आणि दम. मग चार-पाच. एकदा त्यांनी "चहात साखर घातलीस का नुसतंच पाणी दाखवलंस" असं जवळजवळ सगळं बोलून शेवटच्या शब्दाला श्वास घेतला. पण पूर्ण वाक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुस सावकाश भरून येतं, महिनेही लागतात, काहींचं जरा कमीच राहतं. मी त्यांना आत्यांचं जुनं बोलणं परत येईल का, असं विचारलं नाही. नको असलेलं उत्तर मिळालं तर काय करायचं?

आणि मग ती दुपार आली. आत्या कुशीवर झोपल्या होत्या. मी त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे धुऊन गच्चीवर वाळत घातले होते. वैशाखातलं ऊन अचानक विझलं, पश्चिमेकडनं धूळ उठली, आभाळ गुरगुरायला लागलं. वळवाची वेळच होती ती. मी धावत वर गेले. दोरीवरच्या चादरी वाऱ्यानं एकमेकींत गुंतलेल्या. एक सोडवते तोवर दुसरी उडते. तेवढ्यात डोक्यावर लख्ख झालं आणि लगोलग कडाडलं, गच्ची हादरली.

आणि खालून, खिडकीतून, आवाज आला.

"अगं ए, सोड त्या चादरी, भिजल्या तर भिजू देत, पायाळू हाईस तू, ईज काय डोक्यात घालून घेतीस व्हय, कितीदा सांगायचं तुला, आत ये आधी, तुझं काय बरंवाईट झालं तर माझ्या पाठीवर पाय कोण ठेवणार गं भवाने!"

मधे कुठंही जागा नव्हती.

मी चादरी छातीशी धरून उभी राहिले. वीज गच्चीवरच्या कुणाच्याही डोक्यावर पडू शकते, त्याला पायाळू असावं लागत नाही, एवढं विज्ञान मला येतं. म्हणून जिन्याच्या दारात आत सरकले. लहानपणी गजांमागं मला रडवणारी तीच ओरड होती, आणि आता त्याच ओरडीनं माझे डोळे वाहत होते. आभाळ परत गरजलं. ते थांबायची वाट बघितली आणि खाली तोंड करून, जेवढा होता तेवढा सगळा आवाज काढून मी ओरडले.

"आत्या, ऐकू आलं न्हाय! काय म्हणालासा?"

त्यांनी ते सगळं पहिल्यापासून परत म्हटलं, आणि शेवटी दोन शिव्या जास्त घातल्या.